गॉथिक प्रेमकथा लिहिताय? मग या चुका टाळा

पहिल्या पानावर पडका वाडा, दुसऱ्यावर धो धो पाऊस, तिसऱ्यावर कमी बोलणारा, उदास डोळ्यांचा मुलगा. कुमारवयीन वाचकांसाठी गॉथिक प्रेमकथा, म्हणजे जुन्या घरातलं गुपित, भीती आणि प्रेम एकत्र गुंफायला निघालेल्यांचे कच्चे खर्डे मी वाचते, तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा अशीच असते. त्यात वाईट काही नाही. गाडी अडते ती चाळीसेक पानांनंतर. भूत आपल्या वाटेनं जातं, प्रेम आपल्या वाटेनं, आणि दोघांची गाठ पडते ती थेट शेवटच्या प्रकरणात.

सगळ्यात मोठी चूक हीच. भीती आणि प्रेम एकाच मुळातून फुटायला हवं. शार्लट ब्राँटेची १८४७ सालची ‘जेन एअर’ आठवा. अठरा वर्षांची जेन थॉर्नफिल्ड नावाच्या मोठ्या घरात शिक्षिका म्हणून येते, वरच्या मजल्यावरून विचित्र हसणं ऐकू येतं, घरमालकावर तिचा जीव जडतो. वर कोंडलेली बाई ही त्याची लग्नाची बायको आहे, हे तिला कळतं ते चर्चमध्ये, ऐन लग्नाच्या वेळी. घराचं गुपित आणि प्रेमातली आडकाठी तिथे वेगळी नाहीतच.

तुमच्या खर्ड्यातले भुताचे सगळे प्रसंग काढून बघा. प्रेमकथा तशीच पुढे सरकत असेल, तर दुखणं इथेच आहे. मग नवे प्रसंग घालत बसू नका. घर काय लपवतंय आणि त्याची किंमत या दोघांपैकी कुणाच्या माणसांनी मोजली, ते ठरवा. समजा, मुलीच्या आजोळच्या वाड्यात एक खोली कायम बंद आहे. त्या खोलीत बाळंतपणात गेलेली बाई मुलाच्या घरातली. तिला वेळेवर दवाखान्यात नेऊ दिलं नाही, ते मुलीच्या पणजोबांनी. आता ही दोघं जितकी जवळ येतील, तितकी ते दार उघडायची वेळ जवळ येत जाईल.

दुसरी चूक घराची. उसना किल्ला, उसनं धुकं, उसने कावळे. पहिली गॉथिक कादंबरी मानली जाते ती होरेस वॉलपोलची, १७६४ सालची. तिचं बीज त्याला स्वप्नात दिसलं होतं: जुन्या किल्ल्यातला जिना आणि त्याच्या कठड्यावर टेकलेला चिलखतातला अवाढव्य हात. मला त्यातला कठडा फार महत्त्वाचा वाटतो. रोज हात लागतो अशी वस्तू आहे ती. तुम्ही कोकणातलं घर पाहिलं असेल, तर दुपारी दोनलाही अंधारं असणारं माजघर तुम्हाला ठाऊक आहे, न्हाणीघरातला धूर आणि माळ्यावरची वाळवी ठाऊक आहे. ‘वाड्यात भयाण शांतता पसरली होती’ हे वाक्य खोडा आणि असं काहीतरी लिहून बघा:

‘पावसानं घरातली सगळी दारं फुगून घट्ट बसली होती. बाळंतिणीच्या खोलीचं तेवढं बोटानं ढकललं तरी उघडत होतं.’

भुताची निवडही नीट करा. एका खर्ड्यात देखणा नायक मुंजा होता. मुंज आठव्या वर्षाच्या आसपास होते, आणि मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला पोर म्हणजे मुंजा. ते लहान मूल आहे, त्याला कुणाचा प्रियकर कसं करणार? हडळ म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई. तिची तक्रार तिच्या मरणातच आहे, ती ऐकून न घेता तिला नुसतं किंचाळायला लावू नका. देवचाराला तर कोकणात आणि गोव्यात राखणदार मानतात, गाऱ्हाणं घालतात. त्याला रक्तपिपासू केलंत, तर तिकडचा वाचक पुस्तक मिटून ठेवेल.

आता नायक. तो तिचा फोन तपासतो, मैत्रिणींना भेटू देत नाही, रात्री तिच्या खिडकीखाली उभा राहतो, आणि लेखक याला जीव लावणं म्हणतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी हे वाचणार आहे, म्हणून मला याची खरंच काळजी वाटते. नायक धोकादायक असू दे, पण तो धोका कथेला कळलेला असू दे. जेन घरमालकाच्या विनवण्यांना न बधता, जवळ फारसे पैसे नसताना घर सोडते. ती जाऊ शकते, म्हणूनच तिच्या परत येण्याला वजन आहे. तुमच्या नायिकेलाही मधल्या भागात एकदा तरी एसटीत बसून निघून जाता आलं पाहिजे. आणि नायक तीनशे वर्षं जगलेला असेल, तर सतरा वर्षांच्या मुलीशी त्याची बरोबरी कशी, याचं उत्तर कथेतच द्यावं लागेल.

मोबाइलचं म्हणाल, तर ‘रेंज नव्हती’ एवढ्यावर भागवू नका. रेंज कुठल्या पायरीवर येते ते आधी सांगा, म्हणजे पुढे त्याच पायरीवर तिला उभं करता येईल.

प्रसंग भीतिदायक होत नसला की लोक रक्त वाढवतात. गॉथिक कादंबरीकार अ‍ॅन रॅडक्लिफचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापून आला. दबा धरून बसलेली, अस्पष्ट धास्ती मन जागं करते आणि समोर उघडं पडलेलं भेसूर दृश्य मन गोठवतं, असा फरक तिनं त्यात केला आहे. म्हणून आधी दृश्य काढा आणि आवाज तेवढा ठेवा. बंद खोलीत कुणीतरी पाळण्याची दोरी ओढतंय. बस्स. पाळणा दाखवू नका.

शेवट ‘ते स्वप्न होतं’ असा तर करूच नका. घराचं काय होतं, ते लिहायला बसण्याआधी ठरवा. थॉर्नफिल्ड जळून जातं. तुमचा वाडा पाडून तिथे बिल्डिंग उभी राहील, किंवा ती दोघं गवंड्याला बोलावून त्या बिनखिडकीच्या खोलीला एक खिडकी पाडून घेतील.