धुळीआधी तारा नीट ओळखा

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतालची धूळ अभ्यासायला घेताय, तर पहिलं काम धुळीचं नाहीच, ताऱ्याचं आहे. धूळ सापडते ती वजाबाकीतून: मोजलेला अवरक्त प्रकाश उणे ताऱ्याचा स्वतःचा. तारा चुकला की धूळही चुकली. म्हणून जवळचे एफ, जी, के वर्गांतले (म्हणजे तापमानाने सूर्याच्या आसपासचे) तारे निवडा, अंतरं गाया उपग्रहाची घ्या आणि ताऱ्याचा अपेक्षित प्रकाश आधी काढून ठेवा. फार तेजस्वी ताऱ्यांपुढे डिटेक्टर संपृक्त होतात, म्हणजे त्यांची मोजायची क्षमता संपते; तेव्हा यादीत नोंदीपुढे दिलेली गुणवत्ता-खूण वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीची 22 मायक्रॉन तरंगलांबीपर्यंतची मोजमापं पुरत नाहीत. 50 केल्विनची धूळ साधारण 60 मायक्रॉनला सर्वांत जास्त चमकते. त्यासाठी स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीची 70 आणि हर्शेल या दुसरीची 100, 160 मायक्रॉनची मोजमापं हवीत. दोन्ही दुर्बिणी थांबल्यात, पण त्यांची माहिती सर्वांना खुली आहे. हर्शेलला सूर्यासारख्या पाचांपैकी साधारण एका ताऱ्याभोवती थंड धूळ मिळाली. म्हणजे बहुतेक वेळा हात रिकामे राहतील. त्या ताऱ्यांच्याही वरच्या मर्यादा (धूळ जास्तीत जास्त किती असू शकते ते) वहीत लिहाच, त्या तितक्याच मोलाच्या आहेत.

समजा 100 मायक्रॉनला 30 मिलिजान्स्की (येणाऱ्या प्रकाशाचं एकक) मोजले, त्यातले ताऱ्याचे 20. उरले 10. एकूण त्रुटी 4 असेल, तर हा फरक त्रुटीच्या अडीच पटच झाला. तिप्पट नाही, म्हणजे 'धूळ सापडली' म्हणायचं नाही. त्या 4 मध्ये कॅलिब्रेशनची (उपकरणाचं माप जुळवण्यातली) त्रुटी धरलीय ना, तेही बघा.

ही धूळ ताऱ्याच्या जन्मावेळची नव्हे. प्रकाशाचा दाब बारीक कण बाहेर ढकलतो, उरलेले हळूहळू ताऱ्याकडे घसरतात. तरी धूळ दिसते, कारण लघुग्रह आणि धूमकेतूंसारखे पिंड आपटून नवी होत राहते. मला या विषयात सर्वांत ओढ आहे ती याचीच: कणांच्या आडून न दिसणारे पिंड कळतात.

शेवटी मागच्या आकाशगंगा: त्यांचा प्रकाश ताऱ्याच्या धुळीचा वाटू शकतो. ही तपासणी कधीच गाळू नका. एप्सिलॉन एरिडानी हा तारा साडेदहा प्रकाशवर्षांवर आहे. त्याचं धुळीचं कडं 1998 मध्ये हवाईतल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीतून दिसलं, त्यात प्रकाशाच्या गाठी होत्या. तारा आकाशात वर्षाला जवळजवळ एक विकला (अंशाचा 3600वा भाग) सरकतो, आणि काही गाठी त्याच्याबरोबर सरकल्याच नाहीत. त्या पार्श्वभूमीतल्या होत्या. तेव्हा त्याच ताऱ्याच्या काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमा मिळवा आणि एकीवर एक ठेवून बघा, काय काय ताऱ्याबरोबर हललं.