‘इदे दो स्क्लेपू पो ख्लेप’: मराठीच्या वाटेने पोलिश व्याकरण

पोलिश शिकू पाहणाऱ्या बडोद्यातील मराठी माणसाच्या हाती बहुधा इंग्रजीतून लिहिलेले पुस्तक पडते. नामाला विभक्ती लागते म्हणजे काय होते, निर्जीव वस्तूलाही लिंग कसे असते, क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कसा ओळखायचा, हे समजावण्यातच त्या पुस्तकाची पहिली प्रकरणे खर्ची पडतात. कारण ते ज्या वाचकासाठी लिहिलेले असते त्याच्या भाषेत या गोष्टी फारशा उरलेल्या नाहीत. ‘रावपुरा’चे ‘रावपुऱ्यात’ आणि ‘बडोदा’चे ‘बडोद्याहून’ जो दिवसभर सहज करतो, त्याने त्या वळणाने जाण्याचे काहीच कारण नाही. त्याने एक साधे, रोजच्या वापरातले पोलिश वाक्य घ्यावे, त्याचे मराठी व्याकरणाच्या परिभाषेत पदच्छेद करावे आणि मग प्रत्येक वेळी त्यातली एकच गोष्ट बदलून काय काय हलते ते वहीत लिहीत जावे.

वाक्य असे आहे: ‘इदे दो स्क्लेपू पो ख्लेप.’ म्हणजे ‘मी पाव आणायला दुकानात चाललो आहे’ किंवा ‘चालले आहे’. देवनागरीत लिहिलेला उच्चार जवळचाच मानावा, हुबेहूब नव्हे. ‘ख्लेप’मधला पहिला वर्ण ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला, घशात घासून निघणारा आहे. त्याच शब्दाच्या शेवटी लिहिताना ‘ब’ लिहितात, पण शब्दान्ती आल्यामुळे तो ‘प’ असा ऐकू येतो, आणि पुढे स्वर लागला की ‘ख्लेबा’मध्ये पुन्हा ‘ब’ होतो. आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. ‘चोर’मधला आणि ‘चार’मधला असे दोन ‘च’ पोलिशमध्ये वेगळे मानले जातात. मराठी जिभेला हा भेद मुळातच आहे, तो शिकवावा लागत नाही.

आता पहिला शब्द. ‘इदे’ हे प्रथमपुरुषी एकवचनी रूप आहे, म्हणून ‘मी’ हा शब्द वाक्यात नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. आपणही ‘चाललोय दुकानात’ एवढेच म्हणतो. ‘इजेश’ म्हटले की कर्ता ‘तू’ आणि ‘इजे’ म्हटले की ‘तो’ किंवा ‘ती’. मराठीत ‘चाललो’ आणि ‘चालले’ यांवरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते, तसे पोलिश वर्तमानकाळात कळत नाही. ‘इदे’ दोघांनाही चालते. मात्र आपण ज्याकडे लक्ष देत नाही असा एक भेद पोलिश माणूस कटाक्षाने पाळतो. आत्ता पायी निघालेला माणूस ‘इदे’ म्हणतो, स्कूटरवर किंवा बसने निघालेला ‘यादे’ म्हणतो, आणि ‘मी नेहमी त्या दुकानात पायी जातो’ अशी सवय सांगायची असेल तर क्रियापदच बदलून ‘खोद्झे’ होते. दांडिया बाजारातून रावपुऱ्यात चालत गेलात की वाहनाने गेलात, हे मराठी क्रियापद विचारत नाही. पोलिश क्रियापद ते आधी विचारते.

‘दो स्क्लेपू’ हा या वाक्याचा गाभा आहे आणि येथे थोडे थांबावे. दुकानाला ‘स्क्लेप’ म्हणतात. ‘दो’ या शब्दयोगी अव्ययामुळे त्याची षष्ठी होऊन ‘स्क्लेपू’ झाले. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि नामाचे सामान्यरूप करते, जसे ‘दुकानापर्यंत’; पोलिशमध्ये ते नामाच्या आधी येते आणि नामाला ठरावीक विभक्ती घ्यायला लावते. ‘स्क्लेपू’तल्या ‘ऊ’सारखे मराठीत पाहायचे तर ‘घरी’, ‘दारी’, ‘गावी’ या रूपांत सामान्यरूपाला जोडलेला वेगळा तुकडा दाखवता येत नाही, शेवटचा स्वरच काय तो विभक्ती सांगतो. आपल्या शेजारची गुजराती ‘दुकाने जाउं छुं’ म्हणते, तेव्हा तेथील ‘ए’ हाही असाच निखळ प्रत्यय असतो. मराठीत अशी रूपे थोडकी उरली आहेत. पोलिशमध्ये बहुतेक सर्व नामे अशीच चालतात.

आता पहिला बदल करावा. ‘मी दुकानात आहे’ म्हणायचे तर ‘येस्तेम फ् स्क्लेप्ये’: येथे सप्तमी आली आणि शेवटी य-कार उमटला. ‘मी दुकानातून परत येतो आहे’ म्हणायचे तर ‘व्रात्साम झे स्क्लेपू’: म्हणजे दुकानाकडे जाताना जे रूप होते तेच दुकानातून येतानाही आहे. पोलिशमध्ये पंचमी ही स्वतंत्र विभक्ती नाही, तिचे काम षष्ठीने उचलले आहे, आणि जाणे की येणे याचा निर्णय ‘दो’ आणि ‘झे’ हे आधीचे शब्द करतात. आपल्या परंपरेतील आठांपैकी पंचमी वजा केली की संबोधनासह पोलिशच्या सातही विभक्त्या हाती येतात, त्यामुळे नवी नावे पाठ न करता वहीत प्रथमा, द्वितीया, षष्ठी असेच लिहावे. ‘फूल–फुलाला’, ‘मूल–मुलाला’ यांत प्रत्यय लागताच आतला स्वर बदलतो, तसे तेथेही होते: शहराचे नाव ‘क्राकुफ’, पण ‘क्राकुफला’ म्हणताना ‘दो क्राकोवा’.

वाक्याचा तिसरा भाग ‘पो ख्लेप’. काही आणायला जायचे असेल तेव्हा ‘पो’ नंतर द्वितीया येते. ‘ख्लेप’ पुल्लिंगी आणि निर्जीव असल्याने त्याची द्वितीया प्रथमेसारखीच दिसते, जसे आपण ‘पाव आणतो’ म्हणतो, ‘पावाला आणतो’ म्हणत नाही. कर्म सजीव असेल तर मराठीत ‘ला’ येतो, आणि पोलिशमध्येही पुल्लिंगी नाम सजीव असले की द्वितीयेचे रूप बदलून षष्ठीसारखे होते: ‘विद्झे ख्लेप’ म्हणजे ‘मला पाव दिसतो’, पण ‘विद्झे ब्राता’ म्हणजे ‘मला भाऊ दिसतो’, आणि तेथे मूळ शब्द ‘ब्रात’ आहे. आता पावाच्या जागी इतर वस्तू ठेवाव्यात. लहान गोल पाव म्हणजे ‘बुव्का’, स्त्रीलिंगी, म्हणून ‘पो बुव्के’. दूध म्हणजे ‘म्लेको’, नपुंसकलिंगी, म्हणून ‘पो म्लेको’. व्यंजनान्त नाम बहुधा पुल्लिंगी, आ-कारान्त बहुधा स्त्रीलिंगी आणि ओ-कारान्त नपुंसकलिंगी असते, एवढ्या ठोकताळ्यावर सुरुवातीचे बरेच दिवस निभावते.

माझ्या मते शिकणाऱ्याने सर्वाधिक वेळ नकाराला द्यावा, कारण मराठीत याला समांतर काही नाही. ‘येस्त ख्लेप’ म्हणजे ‘पाव आहे’. पण दुकानदार ‘पाव नाही’ म्हणताना ‘न्ये मा ख्लेबा’ म्हणतो. वस्तू नसली की ती प्रथमेतून षष्ठीत जाते: ‘न्ये मा बुव्की’, ‘न्ये मा म्लेका’. ‘माम बुव्के’ म्हणजे ‘माझ्याकडे बुव्का आहे’, तर ‘न्ये माम बुव्की’ म्हणजे ‘नाही’. म्हणून नकारार्थी वाक्यात प्रत्यक्ष कर्माची द्वितीया षष्ठी होते, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि त्याखाली त्याची मर्यादाही लिहावी: आधी शब्दयोगी अव्यय असेल तर ते आपली विभक्ती सोडत नाही. ‘मी पाव आणायला चाललेलो नाही’ हे ‘न्ये इदे पो ख्लेप’ असेच राहते, तेथे ‘ख्लेबा’ होत नाही. षष्ठी एकवचनात ‘स्क्लेप’ला ‘ऊ’ आणि ‘ख्लेप’ला ‘आ’ का, याला निर्जीव पुल्लिंगी नामांत पक्का नियम नाही. प्रत्येक नव्या नामाबरोबर त्याची षष्ठीही पाठ करावी.

दोन ठिकाणी मात्र मराठीची सवयच आड येते. पहिले ठिकाण ‘ला’. आपण ‘भावाला पाहतो’ आणि ‘भावाला पाव देतो’ यांत एकच रूप वापरतो. पोलिशमध्ये पाहताना ‘ब्राता’ आणि देताना ‘ब्रातू’, कारण तेथे द्वितीया आणि चतुर्थी वेगळ्या आहेत. ‘भावाबरोबर’ म्हणायचे तर तृतीया, ‘झ् ब्रातेम’. म्हणून ‘ला’ दिसला की आधी कर्म कोणते आणि घेणारा कोण हे ठरवून मगच रूप निवडावे. दुसरे ठिकाण भूतकाळ. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ यांप्रमाणे पुरुष ‘पोशेद्वेम’ आणि स्त्री ‘पोश्वाम’ म्हणते, येथवर सारे ओळखीचे आहे. पण मराठीत सकर्मक क्रियापद कर्माकडे वळते: पाव आणला, पोळी आणली, दूध आणले. पोलिश क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. विकत घेणारा पुरुष पावाबद्दलही ‘कुपिवेम’ म्हणतो आणि बुव्क्याबद्दलही ‘कुपिवेम’च, स्त्री दोन्हीकडे ‘कुपिवाम’. मराठी माणसाचे क्रियापद येथे नकळत वस्तूच्या लिंगामागे जाते, म्हणून पुरुषाने आणि स्त्रीने आपापले रूप पहिल्या दिवसापासून मोठ्याने म्हणावे.

संख्यांबद्दल एवढेच: दोन, तीन, चार यांच्यानंतर साधे अनेकवचन, ‘द्वा ख्लेबि’, पाचापासून एकविसापर्यंत षष्ठीचे अनेकवचन, ‘प्येंच ख्लेबुफ’. क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्या, म्हणजे क्रिया पुरी झाली की चालू आहे यावरून बदलणारी क्रियापदे, हा मोठा विषय आहे, तो ही रूपे सरावाची झाल्यावर घ्यावा.

वाक्य पुरते हातात आले की रस्त्यांची आणि चौकांची नावे उकलून पाहावीत, कारण त्यांत षष्ठी भरपूर असते. आरंभ आपल्याच बाजूच्या नावाने करता येतो. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी 1942 मध्ये सोव्हिएत प्रदेशातून सुटून आलेल्या पोलिश मुलांना बालाचडी येथे आसरा दिला, आणि 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे 5000 पोलिश निर्वासितांची छावणी होती. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या स्मरणार्थ ‘स्क्वेर दोब्रेगो महाराजि’ आहे. मूळ नाम ‘महाराजा’, त्याची षष्ठी ‘महाराजि’. शेवटी ‘आ’ असल्यामुळे ते स्त्रीलिंगी नामासारखे चालते, पण राजा पुरुष असल्यामुळे ‘दोब्रि’, म्हणजे ‘चांगला’, हे विशेषण पुल्लिंगी षष्ठीत जाऊन ‘दोब्रेगो’ होते. मराठीतही ‘चांगला महाराजा’ आणि ‘चांगल्या महाराजाचा’ असा फरक पडतो, परंतु आपले ‘चांगल्या’ सर्व विभक्त्यांना पुरते आणि पोलिश विशेषण नामाबरोबर विभक्तीगणिक बदलत जाते. याच रीतीने वॉर्सातील ‘प्लात्स कोन्स्तितुत्सि’, म्हणजे राज्यघटनेचा चौक, हे नाव उकलावे: मूळ शब्द ‘कोन्स्तितुत्स्या’, आ-कारान्त, स्त्रीलिंगी, षष्ठी एकवचन.