पॉवर स्टिअरिंग जड झालं? कॉलम बदलण्याआधी या चुका टाळा

डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो, स्टिअरिंग जड होतं आणि गॅरेजात लगेच कॉलम असेंब्लीचा (स्टिअरिंगखालचा दांडा आणि त्याला जोडलेली मोटर, असा अख्खा संच) भाव निघतो. थांबा. आधी करंट पोचतोय का, ते तपासा.

उभ्या गाडीत चाकं टोकापर्यंत वळवताना इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर 50 अँपिअरहून जास्त करंट ओढू शकते. त्यामुळे स्टिअरिंग न फिरवता मीटर लावून 'व्होल्टेज बरोबर आहे' म्हणणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 हवेत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी स्टिअरिंग युनिटच्या अर्थिंगला लावा आणि कुणाला तरी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फिरवायला सांगा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगमध्ये आहे. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासा. मोठ्या फ्यूजचे नटही नीट आवळलेले हवेत. नाशिकच्या पावसाळ्यात अर्थिंगच्या बोल्टखाली धरलेला गंज वरून दिसतच नाही. बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून मगच वरून ग्रीस लावा.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड लिहून न घेता पुसणं ही दुसरी चूक. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. इथे स्टिअरिंग मॉड्यूल, म्हणजे स्टिअरिंगचं कंट्रोल युनिट, वाचणारा स्कॅनर लागतो. सोबत एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवाही लागला असेल तर कॉलमला हात न लावता आधी व्हील स्पीड सेन्सर आणि त्याची वायर बघा, कारण बऱ्याच गाड्यांत वेगाचा सिग्नल तिथूनच येतो.

पंचवटीत रामकुंडाजवळच्या गर्दीत गाडी पुढे-मागे करत पार्क केली, स्टिअरिंग जड झालं आणि पंधरा-वीस मिनिटांनी हलकं झालं, तर तो बिघाड नसण्याचीच शक्यता जास्त. मोटर तापली की युनिट स्वतःच करंट कमी करतं. टोकाला नेऊन स्टिअरिंग दाबून धरू नका.

विजेचं सगळं ठीक निघालं तर टायरमधली हवा बघा. मग पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, स्टिअरिंग लॉक उघडा आणि इंजिन बंद ठेवून फिरवा. मोटरचा थोडा अडथळा जाणवणारच. पण एखाद्या जागी अडकलं तर स्टिअरिंग शाफ्टचा क्रॉस (सांधा), शॉकअपचं वरचं बेअरिंग किंवा रॅक तपासा. नुसता 'टक टक' आवाज असेल तर काही गाड्यांत मोटरजवळचं छोटं रबर कपलिंग झिजलेलं असतं. ते वेगळं मिळतं, अख्खा कॉलम घ्यायची गरज नाही.

स्टिअरिंगचा सेन्सर किंवा कॉलम बदलल्यावर, आणि काही गाड्यांत अलाइनमेंटनंतरही, शून्य सेटिंग (सरळ स्टिअरिंग कुठे, हे युनिटला स्कॅनरने शिकवणं) करावं लागतं. ते राहिलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि दोष नव्या पार्टवर जातो. कॉलम उघडताना एअरबॅगची वायर तिथेच असते, म्हणून बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा.

गाडी चालताना स्टिअरिंग आपोआप ओढलं जात असेल किंवा मोटरची मदत मध्येच येत-जात असेल, तर कसारा घाटात गाडी नेऊ नका; टो करून आणा.