पन्हळ गळतेय? आधी उतार बघा
पन्हळीतून भिंतीवर पाणी ओघळायला लागलं की लोक थेट सीलंटची नळी घेऊन शिडीवर चढतात. आधी पन्हळ साफ करा. कोकणात कौलांवरचं शेवाळ आणि आंब्याची पानं नेमकी खाली उतरणाऱ्या पाइपच्या तोंडाशी अडकतात, त्याचा लगदा होतो. मग वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. मध्येच तळं साचलं तर दोष उताराचा; तिथली आधाराची पट्टी उचलून मीटरमागे साधारण ५ मिलिमीटर उतार द्या. सांधाच गळत असेल तर गंज तारेच्या ब्रशने खरवडा, पत्रा पूर्ण कोरडा करा आणि सिलिकॉन आतल्या बाजूने भरा. बाहेरून थापलेलं फार टिकत नाही. ओल्या पत्र्यावर तर लावूच नका; उघडीप मिळेपर्यंत खाली बादली ठेवलेली बरी.