हृदयाच्या ठोक्यांची गोळी चालू असताना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी

अमिओडॅरोन, सोटॅलॉल किंवा डिगॉक्सिन चालू असेल, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी सगळ्या औषधांची यादी डोससकट डॉक्टरांना दाखवा. नुकतीच बंद केलेली औषधंही त्यात लिहा. अमिओडॅरोन शरीरातून निघून जायला काही महिने लागतात.

सर्वात मोठा धोका ईसीजीतल्या क्यूटी अंतराचा, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळेचा. अमिओडॅरोन आणि सोटॅलॉल हे अंतर लांबवतात. क्लॅरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिनही तेच करतात. दोन्ही एकत्र आली की ठोके अचानक बेताल, अतिवेगवान होऊ शकतात. म्हणून आधी विचारा: अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन किंवा डॉक्सिसायक्लिन या संसर्गावर चालेल का? चालत असेल तर तोच मार्ग बरा.

पर्याय नसेल तर गोळी सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर ईसीजी काढून घ्या. दुरुस्त क्यूटी (नाडीच्या वेगानुसार हिशेब केलेलं क्यूटी अंतर) ५०० मिलिसेकंदांपुढे गेला, किंवा आधीपेक्षा ६० ने वाढला, तर डॉक्टरांना लगेच कळवा. पोटॅशियम, मॅग्नेशियमही तपासा. पोटॅशियम ४ मिलिमोल प्रति लिटरच्या वर ठेवायचा प्रयत्न असतो. उलट्या-जुलाबांनी ते झपाट्याने उतरतं, आणि उलटी थांबवायला दिलेलं ऑन्डान्सेट्रॉन स्वतःच क्यूटी लांबवतं. ही गोष्ट फार सहज नजरेतून सुटते.

डिगॉक्सिनची गोष्ट वेगळी. क्लॅरिथ्रोमायसिन ते नीट शरीराबाहेर पडू देत नाही, त्यामुळे नेहमीचाच डोस विषारी ठरू शकतो. मळमळ, भूक जाणे, मंद नाडी, पिवळसर दिसणे ही लक्षणं संसर्गाच्या माथी मारू नका. डिगॉक्सिनची रक्तातली पातळी मोजून घ्या. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (नाडी आणि रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांचा रक्तदाब आणि नाडी क्लॅरिथ्रोमायसिनने धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिनही चालू असेल, तर मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमोक्साझोल सुरू केल्यावर तीन ते पाच दिवसांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) तपासा.

डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत जोरात धडधडलं किंवा शुद्ध हरपली, तर तातडीची रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवू नका. हृदयाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

अझिथ्रोमायसिनचा कोर्स संपला तरी औषध पुढे काही दिवस शरीरात असतं, तेव्हा लक्षणांवर तितके दिवस नजर हवी. डिगॉक्सिनचा डोस तात्पुरता कमी केला असेल, तर तो पुन्हा कधी वाढवायचा हे कोर्स सुरू होतानाच विचारून यादीत लिहून ठेवा.