जबड्याचा सांधा सुजलाय? आधी त्याला आराम द्या

कानापाशी दुखतंय म्हणून लोक आधी कानाच्या डॉक्टरकडे जातात, मग दाढ किडली असेल म्हणून डेंटिस्टकडे, आणि बऱ्याचदा दोन्हीकडे काही सापडत नाही कारण दुखत असतो कानाच्या अगदी पुढचा सांधा, टीएमजे म्हणतात तो. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडमीट करा, बोटाखाली हलतो तो हाच. नुसता टक्क आवाज येतो, दुखत काहीच नाही, तर सोडून द्या, बऱ्याच जणांना येतो तो. पण वाळू रगडल्यासारखी करकर, चावताना कळ, सकाळी आखडलेला जबडा, आणि आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात मावत नसतील तर झीज किंवा सूज असू शकते. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांनी मात्र सांधाच असेल असं धरून बसू नका, त्यात गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासं होतं, ते लगेच दाखवायला हवं.

झीज भरून येत नाही हे खरं, पण दुखणं बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय कमी होतं. त्यासाठी सांध्याला काम कमी द्यायचं. दोनेक आठवडे मऊ खा, वरणभात, खिचडी, उपमा, भाकरी हवीच असेल तर आमटीत कुस्करून. चिक्की, ऊस, च्युइंगम बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड फार उघडत नाही. आणि दिवसभर लक्ष ठेवा, ओठ मिटलेले पण दात एकमेकांना टेकलेले नकोत, मोबाईल बघताना आपण दात आवळून बसतो ते कळतसुद्धा नाही! माझ्या मते अर्धा इलाज इथेच आहे.

ओल्या गरम फडक्याने १५-२० मिनिटं शेका, पण ताजा मार लागून सुजलं असेल तर आधी बर्फ, कापडात गुंडाळून. आयब्युप्रोफेनसारखी गोळी थोडे दिवस चालते, जेवणानंतर घ्यायची, पण अल्सर, किडनी, बीपी, हार्टचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किंवा गरोदर असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. कळ उतरली की जीभ टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचं नि मिटायचं, पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दुखलं तर थांबा, जोर लावून कडकड मोडू नका.

तरी फरक नाही पडला तर मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे जबडा-चेहऱ्याचा सर्जन, गाठा, सरकारी डेंटल कॉलेजच्या ओपीडीतही भेटतात. एक्सरे, गरज वाटली तर एमआरआय, रात्री दात खात असाल तर मापाचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, आणि फारच अडलं तर सुईने सांधा धुवून काढतात. सुरुवातीलाच कोणी मशीनने दात झिजवून चावा, म्हणजे वरखालचे दात जुळण्याची पद्धत, बदलू म्हणालं तर दुसरीकडे विचारा, झिजवलेला दात परत येत नाही. सकाळी हाताची बोटंही तासभर आखडत असतील तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जा, आमवात असेल तर औषध अख्ख्या शरीराला लागतं, एकट्या जबड्याला नाही.

घरी थांबायचं नाही ते असं: ताप आणि लाल सूज, जबडा उघडाच किंवा मिटलेलाच अडकला, पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखतोय आणि कानशिलं ठणकतायत किंवा नजर अंधुक झालीय. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब नि घाम असेल तर तो हार्टचा मामला समजा, १०८ ला फोन करा.