बाजारगावची सहल, आटोपशीर खर्चात

नागपूरहून अमरावती मार्गावरील बाजारगावच्या वॉटर पार्कला सहकुटुंब जायचे असल्यास रविवार टाळावा, कारण अशा ठिकाणी सुटीच्या दिवशी दर बहुधा अधिक असतो आणि रांगाही लांबतात. लहानांचे तिकीट अनेकदा वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते, म्हणून निघण्यापूर्वी मुलांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे करावे व पेन्सिलीने खूण करून उंची मोजावी (चपला काढूनच!). खरा खर्च मात्र आत गेल्यावर होतो. सुती कपड्यांनिशी सहसा पाण्यात उतरू देत नाहीत, आणि ऐनवेळी भाड्याने घेतलेले नायलॉनचे पोशाख चौघांचा हिशेब बिघडवतात. ते घरूनच न्यावेत. बाहेरचे खाद्यपदार्थही बहुधा चालत नसल्याने सकाळी तर्री-पोहे भरपेट खाऊन निघावे. लॉकरची अनामत रक्कम परत घेण्यास विसरू नये.